दोनशे अकराव्या पानानंतर

१४ नोव्हेंबर, सकाळ

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आईला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून तिची पत्रं मीच लिहिते. तेव्हा अक्षर ओळखीचंच वाटेल. पण हे पत्र आईनं सांगितलेलं नाही. चार वर्षांत पहिल्यांदाच मी माझ्या नावानं तुला लिहितेय. आधी शेवटपर्यंत वाच, मग खुशाल फाड.

इकडे सगळं ठीक. म्हणजे नळ गळतोय, माझी पाठ धरलीय, आणि आई झोपलीय. तुझी वॉर्डातली ड्युटी कशी चाललीय? जेवतेस ना वेळेवर? नर्सबाई दुसऱ्यांना गोळ्या घड्याळ लावून देतात आणि स्वतः चहावर दिवस काढतात, हे मला माहीत आहे.

कामावर एक भानगड झालीय. ती आधी सांगते. त्याशिवाय पुढचं माझ्या हातून लिहून होणार नाही.

आमचं हातकामाचं दालन तू पाहिलंयस. शर्ट मशिनवरून आले की बटणं लावायची, कॉलरी टाचायच्या, खालची कड दुमडून हेम घालायचं, दोरे कापायचे. मशिनं पलीकडच्या खोलीत, त्यामुळे आमच्याकडे शांतता. म्हणून बायकांनी युक्ती काढली: एकीनं मोठ्यानं कादंबरी वाचायची, आणि तिच्या वाटणीचे शर्ट बाकीच्यांनी वाटून घ्यायचे. वाचणारी मी. कारण माझा आवाज खणखणीत आहे आणि माझं हेम वाकडं येतं.

या खेपेची कादंबरी एका सायकल दुरुस्तीवाल्या काकांची होती. बायको नाही, तीन पोरक्या पुतण्या सांभाळतात, गिऱ्हाइकांशी भांडतात, आणि पंक्चर काढता काढता अशा थापा मारतात की ऐकत राहावं. आमच्या बायकांनी त्यांना घरातलंच करून टाकलं. कॉलरवाली तर त्यांचं लग्न कादंबरीतल्या शाळेच्या बाईंशी लावायला निघाली होती. "काका, त्या मधलीला आवरा हो!" असं ती पुस्तकाकडे बघून ओरडायची. सगळ्यांत जीव टाकायची ती बटणवाली मावशी. तिचा नवरा दोन महिने इस्पितळात आहे. "आमचे हे अगदी असेच, थापाडे," म्हणायची. काम सुटलं की त्याला भेटायला जायची आणि काकांनी आज काय केलं ते सांगून यायची.

मी घरी पुढची पानं वाचून ठेवते, ऐनवेळी अडायला नको म्हणून. दोनशे अकराव्या पानावर काका गेले. एका ओळीत. चाकात हवा भरता भरता खाली बसले आणि उठलेच नाहीत. मी ओट्याला टेकून ढसाढसा रडले. या वयात, पुस्तकातल्या माणसासाठी!

दुसऱ्या दिवशी त्या पानाशी आले, तर समोर मावशी, सुईत दोरा ओवता ओवता थांबलेली. तोंडातून आपोआप निघालं, "काका खाली बसले. शेजाऱ्यानं तोंडावर पाणी मारलं. काकांनी डोळे उघडले."

तिथून नऊ दिवस मी मनानं कादंबरी रचत होते. पुस्तक समोर धरायचं, पानं बरोबर वेळेवर उलटायची. रोज सकाळी निघताना उजळणी करायची: काल मधलीला कुठे पाठवलं होतं? कॉलरवालीनं नेमकं तेच विचारलं तर? पण खोटं निभावून न्यायची मला सवय होती. ती कशी लागली, ते येतंच पुढे. नवव्या दिवशी तर काकांचं लग्नही लावून दिलं मी. दालनात टाळ्या पडल्या.

दहाव्या दिवशी मला रजा घ्यावी लागली. डॉक्टर घरी येणार होते. पुस्तक कामावरच्या खणात राहिलं. कॉलरवालीनं खुणेच्या पानापासून वाचायला घेतलं, आणि पहिलीच ओळ आली, "काकांना जाऊन महिना झाला होता." आधी सगळ्यांना छपाईची चूक वाटली. मग एकेक पान मागे जात त्या दोनशे अकरावर पोचल्या. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

मी परत गेले तर माझ्या खुर्चीपुढे शर्टांचा ढीग. माझ्या वाटणीचा. सगळ्यांचे डोळे सुजलेले. मी मावशीजवळ गेले. म्हटलं, "तुमच्यासाठीच केलं हो. तुमच्या घरात आजारपण, म्हणून..."

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "अगं, तो मेलेला, आणि मी त्याच्या लग्नाच्या गोष्टी ह्यांना रंगवून सांगत होते. माझं रडणं अडवणारी तू कोण गं?"

"मावशी, पुस्तकातला माणूस तो."

"पुस्तकातला असो नाहीतर घरातला. काल डॉक्टर म्हणाले, ह्यांना आराम आहे. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत बसले आणि मला तुझं तोंड दिसायला लागलं. आता मी कोणाचं खरं मानू, सांग."

मी जाऊन हेम घालत बसले. सुई सारखी बोटात घुसत होती. धाकटे, हेच तू बाबा गेले तेव्हा म्हणाली होतीस. तुझी शेवटची परीक्षा चालू होती, आणि मी सहा दिवस तुला कळवलंच नाही. बाबांसाठी नव्या चपला घेऊन तू दारात उभी राहिलीस. "मला त्यांचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाहीस, ताई." त्यानंतर मी सगळ्यांना सांगत सुटले की धाकटी हट्टी आहे, तिच्या भल्याचं केलेलं तिला कळत नाही. भल्याचं कसलं? तुला सांगायची मला भीती वाटत होती. तुझं रडणं मला झेपलं नसतं. इतकंच होतं ते.

आता लिहितेच.

आईची गेली तीन पत्रं आईची नव्हती. सप्टेंबरपासून तिला सलग बोलवत नाही. तू विचारायचीस, आई फिरते का, आणि मी लिहायचे, "रोज दोन चकरा मारते गं." शेवटच्या पत्रातला तो शेजारणीचा किस्सा, ज्यावर तू लिहिलंस की आई, हसून हसून पोट दुखलं, तो मी रचलेला. तुझं ते उत्तर तिला वाचून दाखवलं तेव्हा ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली.

तू नर्स आहेस, तुला कळेल असं सांगते. पाय सुजलेत. लघवी कमी झालीय. दूध दोन-तीन चमचे जातं. बराचसा वेळ गुंगीत असते. डॉक्टर त्या दिवशी म्हणाले, आता दिवसांचाच प्रश्न आहे. जाग आली की तुला हाक मारते. कालही मारली.

फोन करणार होते. पण माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस, आणि तेवढ्या वेळात हे सांगून झालं नसतं. पत्र आजच कुरिअरनं टाकतेय, उद्या मिळेल. तरी जीव थाऱ्यावर नाही. तुला वाटेल, ही पुन्हा काहीतरी रचतेय. आई केव्हाच गेली असेल आणि ही आता गोडीगुलाबीनं बोलावतेय. तसं वाटलं तर तुझी चूक नाही.

म्हणून आत्ता आईला उशीला टेकवून बसवलं आणि हातात पेन दिलं. म्हटलं, धाकटीला पाठवायचंय, सही कर. मी तिचा हात धरला नाही. कागदाच्या तळाशी जी वाकडी रेघ दिसते, ती तिची. पेन दोनदा सुटलं, म्हणून तिचे तीन तुकडे झालेत. मी ते जोडलेले नाहीत.

ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण ये.

तुला आजवर खोटंच लिहीत आलेली,
ताई