अकरा बाय पंधरा

३ मार्च, सकाळ
संडासात बसल्या बसल्या भिंतीवरच्या वाढदिवसांच्या कॅलेंडरकडे लक्ष गेलं. बावीस तारखेला आई पंच्याऐंशीची. लगेच फोन केला. काय हवं विचारलं तर म्हणाली, बाबांनी बागेत काढलेला तो शेवटचा फोटो छापून दे, खुर्चीजवळच्या फ्रेममध्ये लावीन. आणि जसा आहे तसा दे, एव्हर्ट, उगाच डोकं चालवू नकोस.
बहीण विट्स्के म्हणाली, आमचा रिनुस करेल की. रिनुस म्हणजे तिचा नवरा. नळ दुरुस्त करतो. मी साफ नकार दिला. मेप्पल गावच्या लायब्ररीत फोटोग्राफीचा कोर्स मी केलाय. तीन संध्याकाळींपैकी दोन.

४ मार्च
फोटो सापडला. मध्ये आई, बाजूला मी, माझी बायको गेके, विट्स्के आणि रिनुस. माझ्या डोक्यावर केस आहेत. बाबा नाहीत, कारण कॅमेरा कायम त्यांच्याच हातात. घरात सतरा अल्बम, पण त्यांचा स्वतःचा एक धड फोटो नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा पासपोर्टवरचा मोठा करून लावावा लागला. माणसानं थोडं नियोजन करावं.
संकल्प : उद्या ऑर्डर. एका बैठकीत.

७ मार्च
ऑर्डर नाही झाली. फोटो छापून देणाऱ्या साइटवर सेंटीमीटरमधले आकार किती! १०×१५, ११×१५, १३×१८, पुढे पोस्टर. रिनुसचा आगाऊ मेसेज : बाबांच्या त्या जुन्या कॅमेऱ्याच्या फोटोला अकरा बाय पंधरा घे, काही कापलं जात नाही.
अकरा हा काय आकार आहे? दहा मोजताना कुणाचा तरी हात हललेला दिसतो.
गेके म्हणाली, आधी जाऊन आईंची फ्रेम मोजून ये. मला मोजायची गरज नाही. त्या फ्रेमशेजारी बसून मी वीस वर्षं कॉफी पितोय.

११ मार्च, दुपार
निर्णय झाला. ४०×६०. पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला फ्रेम कसली, भिंत भरली पाहिजे.
फोटो चौरसाकडे झुकलेला, पोस्टर लांबट. चौकट वर सरकवली की आमचे पाय जातात, खाली आणली की रिनुसचं डोकं जातं. बराच वेळ खालीच ठेवली होती. गेके मागे येऊन उभी राहिली, म्हणून वर नेली.
झालं ते बरंच झालं. खाली गवतावर एक लांब काळी सावली पडली होती, एक हात वर केलेली. सूर्य पाठीशी घेतला की असं होतं, कोर्सच्या पहिल्याच संध्याकाळी सांगतात. बाबांची चूक मी दुरुस्त केली. त्याबरोबर माझे सँडलमधले पांढरे मोजेही गेले.
साइटनं पिवळा त्रिकोण दाखवला : फोटो पुसट येऊ शकतो. यंत्रं भित्री असतात.

१५ मार्च
आईचा फोन. सगळे आहेत ना रे त्यात? मी म्हटलं, मोजून पाच. पाच? असं तिनं पुन्हा विचारलं. मग म्हणाली, बरं, बावीसला बघू.
वय झालं तिचं. पाचातसुद्धा घोळ होतो.

१९ मार्च
पोस्टर आलं. गेके म्हणाली, पुसट आहे. पुसट नाही, मृदू आहे. लांबून बघायचं असतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि म्हणाली, इथून छान दिसतंय, मधली भिंतच दिसते.

२२ मार्च
आईकडे खुर्च्या गोल मांडलेल्या. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकानं प्रत्येकाशी हात मिळवून आईच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन केलं. केकचा एकेक तुकडा झाला. मग मी पोस्टर उलगडलं. टोकं धरायला दोन शेजारी लागले.
आईनं चष्मा लावला. खूप वेळ बघितलं. मग खालच्या कडेवरून बोट फिरवलं, कागदाच्याही खाली नेलं आणि विचारलं, आणि हे कुठंयत?
मी विचारलं, कोण?
तुझे बाबा, ती म्हणाली. हात करत होते ना आपल्याला.
मी कोर्सबद्दल सांगायला लागलो आणि अर्ध्यात थांबलो. इतकी लाज वाटली की पोस्टर गुंडाळायला लागलो.
रिनुसनं खिशातून लिफाफा काढला. आत तोच फोटो, बाजारातल्या मशीनवर छापलेला, अकरा बाय पंधरा. गेकेनं त्याला अकरा तारखेलाच फोटो पाठवून सांगून ठेवलं होतं. फ्रेममध्ये असा बसला की कुठे फट नाही. आईनं सावलीच्या वर केलेल्या हातावर बोट ठेवलं आणि म्हणाली, हं, आता आले सगळे.
मी रिनुसला थँक यू म्हणालो. दोनदा.

२३ मार्च
एवढं मोठं माझ्याकडे मावत नाही, असं म्हणून आईनं पोस्टर परत दिलं. गेकेनं ते आमच्या संडासात लावलं, कॅलेंडरच्या शेजारी. बसलं की खालची कड बरोबर डोळ्यांसमोर येते. बाबांचा हात तिथून दोन बोटं खाली. तिथे टाइल आहे.
बराच वेळ बसलो. गेकेनं दार वाजवून विचारलं, बरं आहे ना?
आतूनच रिनुसला मेसेज केला : माझ्यासाठीही एक काढ. अकरा बाय पंधरा. काही कापू नकोस.
त्याचं लगेच उत्तर : मोज्यांसकट?
मी लिहिलं, मोज्यांसकट.