उत्तर दिशा छपरात

प्रिय विनीत,

फोनवर सांगायला गेले असते तर तू मध्येच बोलला असतास आणि मी गप्प झाले असते. म्हणून वहीत लिहून पानांचे फोटो पाठवतेय. जहाज मस्कतला लागलंय तोवर तुला नेट मिळेल, तेव्हा सगळं एकदमच वाच.

अरे, आज काय झालं! डीएडच्या मॅडम न सांगता पाठ बघायला आल्या आणि मागे जाऊन बसल्या. माझा पाठ दिशांचा. दोन दिवस खपून टाचण लिहिलं होतं. प्रस्तावना, तक्ता, प्रश्न, फळ्यावर सारांश, सगळं मिनिटांसकट. पण टाचण तिसरीचं, आणि आपल्या बुरोंडीच्या वरच्या वाडीत पहिली ते चौथी मिळून तेरा पोरं एकाच खोलीत. भिंतीवर तक्ता लावला, दिशा सांगितल्या आणि विचारलं, उत्तर कुठं? तेराच्या तेरा बोटं छपराकडे! तक्त्यावर उत्तर वरती लिहिलेली ना!

हसूच आलं. दोन महिन्यांपूर्वीची मी असते तर तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं असतं. आज तक्ता गुंडाळला आणि सगळ्यांना अंगणात नेलं. सकाळचं ऊन समोरून येत होतं, पाठीला दर्या. पश्चिम कुणाला सांगावीच लागली नाही. पहिलीच्या बारक्यांना मी देऊळ, विहीर, जेटी करून उभं केलं आणि मोठ्यांनी त्यांच्याभोवती काटकीनं मातीत गाव काढलं. जेटी झालेला बाबल्या कंटाळून खाली बसला, तर तिसरीची पोरं ओरडली, “बाई, जेटी बुडाली!”

चौथीत सानवी म्हणून एक मुलगी आहे. दोन महिन्यांत माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. ती त्या मातीतल्या गावात उभी राहून म्हणाली, “बाई, विनीतकाका बोटीवर असतात ना? ते आता कुठल्या दिशेला?” मी फोनवर नकाशा उघडून मस्कत दाखवलं, तर सगळी डोकी त्यावर आपटली. उत्तर आणि पश्चिमेच्या मधली दिशा. चौथीकडून मी पंधरा दिवस नुसता घोकून घेत होते तो शब्द सानवीनं आपणहून दिला, वायव्य! मग तेराही जणांनी तिकडे तोंड करून तुला हात केले. उचकी लागली का रे? कोलंबोला कधी जाणार तेही कळव, माझी आग्नेय राहिलीये.

मॅडमनी टाचण उघडून विचारलं, “हे अंगणातलं यात कुठं आहे?” मी म्हटलं, “नाहीये मॅडम. आता लिहिते.” त्या म्हणाल्या, “लिहा. पण आधीचं खोडू नका, खाली लिहा. काय बदललं आणि का, ते दिसू दे.” सोमवारी आमच्या डीएडच्या वर्गातल्या बाकीच्या मुली माझा पाठ बघायला येणार आहेत. माझा!

आता जे फोनवर सांगता आलं नसतं ते. गणपतीनंतर तू म्हणालास, विरारची खोली ताब्यात मिळतेय, दिवाळीनंतर तू नि आपला छोटा स्वरूप तिकडे जा, डीएड राहू दे. मी लगेच हो म्हटलं. तुला वाटलं, मी आनंदानं म्हटलं. त्याच दिवशी माझा पहिला पाठ पार कोसळला होता. पोरं खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी शाळेमागे जाऊन रडले होते. पळायला वाट हवी होती, ती तू दिलीस. ते हो मी आज मागे घेतेय. एप्रिलपर्यंत मी इथंच राहणार, परीक्षा देणार. खोली सध्या भाड्यानं दे. तू रागावशील, आईंना फोन करशील, मला माहितीये. करायचा तर कर, पण माझं ठरलंय. सुट्टीत येशील तेव्हा थेट गावी ये. शाळा सुटल्यावर मी साडेपाचला घरी येते, त्याआधी पोचलास तर स्वरूपला घेऊन वरच्या वाडीत ये.

तुझीच,
सानिका