मच्छरदाणीतले टोमॅटो

११ जानेवारी, चामराजपेट, बेंगळूर
आजपासून रोजनिशी. शास्त्रज्ञ लोक ठेवतात.
अक्काच्या गच्चीवर संशोधन सुरू. विषय: आतून पोकळ टोमॅटो. परदेशात असं वाण असतं, काल व्हिडिओत बघितलं. वरचं झाकण उडवायचं, आत ढबू मिरचीसारखं रिकामं, मसाला भरला की काम फत्ते. आपल्याकडे भरला टोमॅटो करायचा तर चमच्याने गर खरवडा, आणि एवढं करून तो तव्यावर बसकण मारतो. अक्काचे जेवणाचे डबे पार बसवनगुडीपर्यंत जातात, पण भरला टोमॅटो ती डब्यात देत नाही. पाणी सुटतं.
हे अजून कुणालाच कसं सुचलं नाही?
भावोजींना सांगितलं. म्हणाले, आधी आंघोळ कर.

१९ जानेवारी
परदेशी बी यायला वेळ लागेल. एवढा धीर माझ्यात नाही. म्हणून देशी पद्धत: मार्केटातून टोमॅटो आणायचे, कापायचे, पोकळ निघेल त्याचं बी धरायचं. आज मोठी पिशवी भरून कापले. दोन पोकळसर निघाले. त्यांचं बी वाळत घातलंय. अक्काने विचारलं, उरलेल्यांचं काय करू, तुझ्या डोक्यावर ओतू? म्हटलं, सार कर.

२३ जानेवारी
अजून सारच. भावोजींनी ताट सरकवलं. अक्काला म्हणाले, शिवलीला, तुझ्या भावाने पुण्यात कोर्स सोडला, हुबळीत मोबाईलचं दुकान सोडलं, आता हा टोमॅटो कधी सोडणार ते विचार. अक्का म्हणाली, राहू द्या हो, या वेळी मनावर घेतलंय त्याने.
घेतलंच आहे.

२० फेब्रुवारी
रोपं रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावली. डबे घरमालक नरसिंहरावांचे. ते विचारत वर आले, एनप्पा, काय चाललंय? अर्ध्या कन्नडमध्ये, अर्ध्या हातवाऱ्यांनी समजावलं. सरी सरी, म्हणाले. त्यांना पटलं.
डब्यांत शेणखत भरपूर. निम्मं सांगतात, मी दुप्पट घातलं.

१६ मार्च
बरेच दिवस लिहिलं नाही. दोस्त विराटबरोबर चार दिवस गोकर्णला गेलो होतो, ते जरा लांबले. तिथे एकाकडे बांबूच्या सायकली बघितल्या. फार स्कोप आहे. पण नाही. आधी टोमॅटो.
झाडांना अक्का पाणी घालत होती. फुलं आलीत.

१८ मार्च
वाचलं की मधमाशी दुसऱ्या झाडाचे परागकण आणते आणि वाण बाटतं. अक्काची मच्छरदाणी कपाटात पडूनच होती. सगळ्या झाडांवर घातली, कडेने विटा ठेवल्या. आत माशी नाही, वारा नाही. ऑपरेशन थिएटरच.

२४ एप्रिल
जमलं!!!
पहिला टोमॅटो कापला, आत पोकळ. दुसरा पोकळ. तिसरा तर फुग्यासारखा. वाणाचं नाव संग्राम-१. अक्काने एक भरून तळला, बसला नाही. ती कितीतरी वेळ हसत होती. भावोजीसुद्धा हं म्हणाले.
नरसिंहरावांना दाखवला. त्यांच्या नातीचा साखरपुडा श्रावणात आहे, घरच्या घरी. मी म्हटलं, पंगतीला भरला टोमॅटो ठेवा, उभ्या बेंगळूरमध्ये असा कुणी वाढला नसेल. त्यांनी तिथल्या तिथे सगळा स्वयंपाक अक्काला सांगून टाकला.

२५ एप्रिल
अक्का रात्रभर झोपली नाही म्हणे. डब्यांपलीकडे इतक्या लोकांचं तिने कधी केलेलं नाही. आज मला म्हणाली, संग्या, हे नीट झालं तर मला पुढे अशी कामं मिळतील रे. आणि बिघडलं तर मालकाच्याच घरात बिघडेल. जिन्यावर रोज तोंड दाखवायचंय मला. म्हटलं, अक्का, मी आहे ना.
भावोजी के. आर. पुरमच्या पार्सल गोदामात माझ्यासाठी जागा बघून आलेत. तिथेच पोरांच्या खोलीत राहायचं. अक्का मध्ये पडली. श्रावणापर्यंत थांबा म्हणाली.

२९ एप्रिल
बी काढायला बसलो. सगळी फळं कापली. आत बीच नाही. एका फळात थोडं सापडलं, तेही पापुद्र्यासारखं.
जरा विचार केल्यावर लक्षात आलं, थोरामोठ्यांना मुलं कमीच होतात.

१२ मे
त्या थोड्या बियांची रोपं आली. कमी पडली म्हणून जानेवारीचं उरलेलं बीही टाकलं. घराणं एकच.

६ जून
भावोजींना ताप. घरात डासच डास. मी संशोधनातच होतो, तेवढ्यात अक्काने वर येऊन मच्छरदाणी ओढून नेली. म्हटलं, अक्का, फुलांची वेळ येतेय, आत्ता काढलीस तर वाण जाईल. ती म्हणाली, नवरा जाईल त्याचं काय?
यावर मला नंतर उत्तर सुचलं, पण ते बरोबर नव्हतं.
संकल्प: उद्या नवी मच्छरदाणी आणणे.

१४ जुलै
मच्छरदाणी आणायची राहिली. चिक्कपेटला निघालो होतो, वाटेत कपड्यांवर ठसे मारणारा एक जण भेटला. तिथेच बसलो. नंतर रोज गेलो. हात बसत आला होता, पण तो आता सकाळी आठला ये म्हणतो.
आज मोबाईलवर भलतंच वाचलं. टोमॅटोचं फूल वाऱ्याने हलावं लागतं. हललं नाही आणि वर खत जास्त झालं तर फळ आतून रिकामं राहतं, बी धरत नाही. हा दोष आहे असं लिहिलंय. लिहिणाऱ्याने भरला टोमॅटो खाल्लेला नसावा.
तरीही जरा अस्वस्थ वाटतंय. गच्चीवर वारा फार आहे. सगळी झाडं डुलतायत. टाकीमागचं एक तेवढं हलत नाही, पण ते पहिल्यापासून मठ्ठच आहे.

८ ऑगस्ट
एक कापला. भरलेला. गच्च.
दुसरा कापला. रस हातावरून कोपरापर्यंत.
नरसिंहराव वर आले होते. एक तोडून तिथेच खाल्ला. असा टोमॅटो लहानपणी खाल्ला होता म्हणाले. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

१० ऑगस्ट
अक्काने जेवताना विचारलं, संग्या, खरं सांग, पोकळ आहेत ना? मी आहेत म्हणालो. तोंडात घास होता, म्हणून पटकन निघून गेलं. आठवडाभरात काहीतरी करता येईल. सलाईनच्या सुईने रस ओढून बघतो.

१३ ऑगस्ट
ओढला जात नाही.

१५ ऑगस्ट
संध्याकाळी खाली आलो तर विळीपुढे अक्का बसलेली. गच्चीवरचे पाच-सहा टोमॅटो आणून कापले होते. सगळे गच्च. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने हात पुसले, भावोजींना म्हणाली, चला, मार्केट बंद व्हायच्या आत जाऊन येऊ. मी पिशव्या घेऊ का विचारलं. नको म्हणाली.
दोघं आले ते ढबू मिरचीची दोन पोती घेऊन. एक मिरची फोडून बघितली. आत रिकामी. झाकणासकट.

१७ ऑगस्ट
साखरपुडा पार पडला. भरल्या ढबूवर पंगत तुटून पडली. माझ्या टोमॅटोचं सार केलं होतं, ते लोक वाटीने पीत होते. टोमॅटो भरलेला का नाही, असं नरसिंहराव विचारतील म्हणून मी जिन्यात उत्तर तयार करून उभा होतो. त्यांना आठवणच नव्हती. अक्काला तिथेच एका बारशाचं काम मिळालं.
मी म्हटलं, अक्का, शेवटी जमलं की आपलं. ती भांडी मोजत होती. म्हणाली, माझं जमलं.
रात्री भावोजी म्हणाले, सोमवारी के. आर. पुरम. मी अक्काकडे बघितलं. ती या वेळी मध्ये पडली नाही.

१९ सप्टेंबर, के. आर. पुरम
गोदामात दिवसभर खोकी चढवतो. खोलीत आम्ही बरेच जण, खिडकी उघडली की समोर भिंत. अळिंबीच्या शेतीला म्हणे ऊन लागत नाही. बघू.
अक्काचा फोन आला. जेवलास का, डास आहेत का. मच्छरदाणी पाठवते म्हणाली. मग आठवल्यासारखं म्हणाली, अरे, टाकीमागच्या झाडाला एक टोमॅटो आला होता. कापला तर आत पोकळ.
मी उठून बसलो. ठेवलास का विचारलं.
नाही रे, सारात टाकला. चवीला काही वेगळा नव्हता.
बी होतं का आत?
बघितलं नाही म्हणाली.