धक्का

इंद्रजितकाका, जयभीम.

मला सायकल शिकवताना तुम्ही सीट धरून मागे धावायचात, कधी पडू दिलं नाहीत. त्याच हातांनी आजीला पेटत्या चुलीवर कसं ढकललंत?

आजी सारखी पडते म्हणून मी दर रविवारी घाटंजीला तुमच्या घरी येत राहिले. घरातली पहिली पदवीधर, तीही फिजिओथेरपीची! तिचं मनगट मोडलं, दात पडले, पाठ भाजली, आणि मी तिला खाट धरून एका पायावर उभं राहायला शिकवत होते. "म्हातारपणी तोल जातो," असं तुम्हालाच समजावत होते. तुम्ही मान डोलावत होतात.

परवा नवा व्यायाम होता. खांद्याला हलका धक्का द्यायचा आणि माणसानं पाऊल टाकून सावरायचं. मी नुसता हात उचलला. तोल जाणारा माणूस हात पुढे करतो. आजीनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि खाली बसली.

"मारू नको रे इंद्र! आणतो ना मी चहा."

"आजी, मी मोनाली."

"त्याले काही म्हणू नको, पोरी. केस धरून उंबऱ्यावर आपटते तो."

हे पत्र मी टाकणार नाही. आजी आता माझ्याकडे आहे. आज सकाळी आम्ही पोलीस ठाण्यात तक्रार दिली. साहेबांनी खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही. कशालाही न धरता उभी राहून तिनं सगळं सांगितलं.

आजीची,
मोनाली