एल्मरोडेचं स्फूर्तिगीत

३ ऑगस्ट १९७४
आमचे मास्तर कविता म्हणवून घेताना बाकावर पट्टी आपटत. टक्, टक्, ट-टक्. साठ वर्षं झाली, तो ताल अजून कानात आहे. उद्या तो साऱ्या एल्मरोडेला ऐकवणार.
फुटबॉलमधली दुसऱ्या दर्जाची ही नवी लीग, तिचा पहिलाच हंगाम, आणि आमचं एवढंसं गाव तिच्यात. स्टेडियमचा माइक तेवीस वर्षं माझ्याकडे. बारा कडवी रचली आहेत, वीररसात. मी म्हणेन तोवर आमची पोरं मध्यरेषेवर ताठ उभी राहतील. पाहुण्या संघाला आतच थांबवायचं. त्यांना कशाला फुकट स्फूर्ती?
चेअरमन ब्रोकमानना शब्द दिला: संघ खालच्या लीगमध्ये गेला तर माइक सोडीन. ती वेळ येणार नाही.

४ ऑगस्ट
०-२. पहिला गोल दुसऱ्याच मिनिटाला. गोलकीपर ल्यूडर्स ढगांकडे बघत होता. अरसिक. सातव्या कडव्याला गर्दीतून अर्धं सॉसेज आलं, थेट माइकवर. असा नेम आमच्या एकाही फॉरवर्डला नाही.

२० ऑक्टोबर
१-३. शेजारचा वेसेल खाटीक कुंपणावरून म्हणाला, "काय कविराज, आज कितव्या कडव्याला हरलात?" त्याच्याकडचं मांस आजपासून बंद. (बायको, हेडविग, अजून तिथूनच आणते. मला कळत नाही असं तिला वाटतं.)

१ डिसेंबर
उणे चार अंश. ट्रेनर कूलेनकाम्प अंगावर धावून आला. म्हणे, पोरं सहा मिनिटं उघड्या गुडघ्यांनी बर्फात, आणि पाहुणे आत पळून घामेजलेले. निदान कडवी तरी कमी करा. बघतो म्हणालो. घरी येऊन तेरावं रचलं. थंडीवर.

२ मार्च १९७५
कूलेनकाम्पला काढला. काव्याशी वैर धरणाऱ्याचं दुसरं काय होणार?
घरच्या मैदानावर बहुतेक वेळा पहिल्या पाच मिनिटांतच गोल खातो. बाहेरगावी मात्र जिंकतो. तिथे मी नसतो. आठवणीवर खेळत असावेत.
हेडविग म्हणाली, "अहो, एकदा न वाचता बघा की." घरभेदी.

१४ जून
उद्या शेवटचा सामना, वेस्टरहाफेनशी. हरेल तो खाली. आता कंजुषी नको. सोळाच्या सोळा कडवी, सावकाश.

१५ जून
०-१. पहिलंच मिनिट.
ऊन कडक होतं. दहाव्या कडव्याला आमचा बचावफळीतला स्टॉपर मटकन खाली बसला. भावना अनावर झाल्या असणार. तेराव्याला आणखी दोघे.
सामन्यानंतर ब्रोकमान वर आले, हात पुढे केला. सांत्वनाला आलेत असं समजून मी तो दोन्ही हातांनी दाबला. त्यांना माइक हवा होता.

१६ जून, सकाळी अकरा
बेल वाजली. ब्रोकमानना पश्चात्ताप झाला असणार म्हणून थोडा वेळ मुद्दाम उघडलं नाही.
उघडलं तर दारात वेस्टरहाफेनचा कॅप्टन. टाय लावलेला, भांग पाडलेला, हातात कागदात गुंडाळलेला धुरी दिलेला मासा, चांगला हातभर.
"आजोबा," तो म्हणाला, "आमच्या अख्ख्या संघाकडून. तुम्ही नसतात तर आम्ही बुडालो असतो."
फाटकापाशी त्यांची बस उभी होती. खिडक्यांतून सगळे टाळ्या वाजवत होते. तेवीस वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदाच.