भिंतीसमोर बसताना

ता. ४ मार्च

चि. गुंड्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या घरमालकीणबाईंचा फोन आला होता. म्हणाल्या, गोळ्यांचं पाकीट महिनाभर तसंच पडलंय आणि तुमचे भाऊ रोज पहाटे कुबडी टेकत त्या झेन ध्यानाच्या वर्गाला जातात. इतकी वर्षं वॉर्डात नर्स आहे मी; मांडीच्या हाडात सळई घातलेल्या माणसाने काय करू नये, हे मला कुणी शिकवू नये. लिफ्ट दुरुस्त करताना अपघातात तुझा कामावरचा जोडीदार गेला, तू वाचलास. तो काय असा झुरायला? लहानपणापासून तुझं हेच, दुखलं की दातओठ खायचे आणि विचारलं की काही नाही म्हणायचं. उलटटपाली लिही, नाहीतर तिथे येऊन कान धरीन.

जीव टांगणीला लागलेली,
ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी खुर्चीवर बसतो, तेवढी अक्कल आहे. समोर पांढरी भिंत. श्वास एक ते दहा मोजायचे, चुकलं की पुन्हा एकपासून. माझी गाडी तीनच्या पुढे जात नाही. वर्गाच्या सरांनी सांगितलं होतं, दुखणं हाकलू नका, कुठे आहे, केवढं आहे, नुसतं बघा. गोळ्या बंद केल्या त्या मात्र माझ्या मनाने. परवा सरांना कळलं तेव्हा चिडले. म्हणाले, ध्यान स्वतःला शिक्षा करायला नसतं, औषध घ्या आणि मग बसा. शिक्षा कशाची, ते मला सांगू नका, स्वतःला विचारा.

गोळी घेतली. पाय शांत झाला आणि बसल्या बसल्या ते वर आलं. ताई, लिफ्टचा ब्रेक उशिरा धरतोय हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. उद्या बघू म्हणून मी कुणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी माझा जोडीदार आधी लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला. त्याला ओढायला गेलो, त्यात माझा पाय सापडला. चौकशीत कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. उद्या त्याच्या बायकोकडे जातोय.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
गुंड्या

ता. १३ मार्च

ती. ताईस सा. न.

जाऊन आलो. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं, ह्यांना ब्रेकचं माहीत होतं का. मी नाही म्हटलं. त्या उठल्या आणि दार उघडून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कंपनीला लेखी द्या, आणि पुन्हा इथे येऊ नका. लेखी दिलंय. नोकरी जाईल, पुढचं ठाऊक नाही.

आज सकाळी बसलो तर छातीत कुणी सुरी फिरवावी तसं होत होतं. उठून पळावंसं वाटलं. घंटा होईपर्यंत रडत तिथेच बसलो. शेजारच्या कुणी वळून पाहिलं नाही, त्यांचे उपकार वाटले.

तुझाच,
गुंड्या

ता. १८ मार्च

चि. गुंड्यास आशीर्वाद.

दोन्ही पत्रं तीनदा वाचली. तू गप्प बसलास ते वाईटच केलंस. तुला बरं वाटावं म्हणून मी दुसरं काही लिहिणार नाही. त्या बाईंच्या दारात पुन्हा जाऊ नकोस, त्यांनी मागितलंय तेवढं पाळ.

रविवारी सकाळी पोचते. तुमच्या वर्गात नवख्या माणसाला बसू देतात का, विचारून ठेव. नाही म्हणाले तर मी बाहेर पायरीवर बसेन.

तुझी,
ताई