पौर्णिमेची मेणबत्ती आणि कोळशाचा गाळ

मंचेरियल, ६ मे १९९५

आदरणीय मामाजी,

थोरला जावई भिवाजी याचा सविनय जयभीम. तुमच्या गुडघ्याला उतार असेल आणि भीमपूरच्या विहिरीला अजून पाणी असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे कुसुम खुशाल आहे. माझं पुढे सांगतो.

वैशाख पौर्णिमेला विहारात पहिली मेणबत्ती यंदा माणिकराव लावणार, असं कळलं. ऐकून आनंद झाला. (खरं सांगू? नाही झाला.) अकरा वर्षं ती मी लावत आलो. धाकट्या जावयाचा तेलुगू पेपरात फोटो आला म्हणून थोरल्याच्या हातची काडेपेटी काढून घ्यायची का, एवढंच विचारतो. आणि त्या फोटोत ते अर्धे खांबामागे आहेत.

मूळ गोष्ट अशी. आमच्या कारखान्यात कोळसा धुतात. चांगला कोळसा वॅगनमध्ये जातो आणि उरलेला गाळ मागे टाकतात. त्याच्याकडे कुत्रंही बघत नाही. दोन वर्षांपूर्वी माणिकरावांनी (आदिलाबादच्या कॉलेजात लॅब अटेंडर, बाकी काही नाही) त्यातलं एक पोतं मागितलं. त्यांच्या सरांना त्या गाळाने रंगाऱ्याच्या नाल्याचं पाणी साफ होतं का, ते पाहायचं होतं. मी पोट धरून हसलो आणि दोन पोती दिली. आता तोच गाळ म्हणे पाण्यातला रंग ओढून घेतो, महागड्या पावडरीचं काम फुकटात करतो, आणि माणिकराव भर सभेत बरणीतलं निळं पाणी नितळ करून टाळ्या घेतात. पोती माझी, टाळ्या त्यांच्या! मी जळतो, मामाजी. घास उतरत नाही. बरं, माणसात एखादी खोट असावी, तर तीही नाही. भेटले की वाकून माझी तब्येत विचारतात. त्याने जास्तच जळतं.

तेव्हा ठरवलं, आपणही करून दाखवायचं. माणिकरावांनी कृती सांगितली होती: गाळ सात पाण्यांनी धुवायचा, वाळवायचा, कुटून चाळायचा, मग रंगाच्या पाण्यात ढवळून निवळू द्यायचा. पण अठरा वर्षं कोळशात काढलेल्या माणसाने धुणं काय लॅब अटेंडरकडून शिकायचं? मी थेट कुटला. रविवारी सकाळी शेजारच्या महिपत आणि वामनरावांना चहाला बोलावलं (कुसुमला कल्पना नव्हती, त्यामुळे चहाही नव्हता). अंगणात निळ्या पाण्याचा टब आयताच होता. पौर्णिमेच्या पांढऱ्या कपड्यांना कुसुम नीळ देत होती. तिचं लुगडं दोरीवर दिसलं, म्हणून सगळेच कपडे निघाले असं मी धरून चाललो. दोन शेर गाळ ओतला, बांबूने ढवळला, थोडं भाषणही केलं.

निळा रंग गेला, मामाजी. हे महिपतसुद्धा नाकारणार नाही. त्या जागी काळा आला, एवढंच. मग बांबूला अडकून माझा सदरा वर आला, आणि त्याच्यामागून धोतर. कुसुम दारात उभी होती. शांतपणे म्हणाली, "थांबले काऊन? अजून गाळ हाय ना पोत्यात."

असो. माणिकरावांना शाल द्या, नारळ द्या, त्यांचा फोटो भिंतीवर लावा. ती एक काडी तेवढी माझ्या हातात राहू द्या. एवढीच दरखास्त.

आपला थोरला (हा शब्द मुद्दाम लिहिला आहे) जावई,
भिवाजी

ता. क. सदरा-धोतर तीनदा उकळलं, काळं जात नाही. पांढऱ्या कपड्यांशिवाय विहारात कसा येऊ? माणिकरावांकडे दोन जोड आहेत आणि आमचं माप एकच. तुम्ही तुमच्या नावाने एक मागा. माझं नाव नको.

आणखी ता. क. बाबा, मी कुसुम. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून खाली लिहिते. माणिकरावांना मीच फोन केला होता. काल हे ड्युटीवर असताना ते कपडे देऊन गेले. मी यांना सांगणार, बाबांनी पाठवले. जाताना माणिकराव म्हणाले, "मेणबत्तीले मी बाबाले कवाच नाही म्हणून सांगतलं. भाऊच लावतीन." हे तेवढं यांच्या कानावर जाऊ देऊ नका. माणिकरावांनी सोडली म्हणून मिळाली असं कळलं, तर हे ते काळं धोतर नेसून घरातच बसतील.